सटवाची नऊ पत्रं

कड्याहून नगरच्या बाजूला निघालं की शिवेच्या डोंगराखाली पिंपरदरा लागतं. तिथल्या कॉलेजात सायली जूनमध्ये रुजू झाली, पण शिकवायला नाही, कागद वाचायला.

कागद होते मोहनरावांचे. देश स्वतंत्र झाला तेव्हा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि पुढचं वर्षभर या भागात एक छोटं युद्धच चाललं होतं. मोहनरावांनी शिवेपलीकडं, नगरच्या हद्दीत, कॅम्प उभा केला. पन्नासेक पोरं होती, बंदुका बाराच, आणि त्यातल्याही चार भरवशाच्या नव्हत्या. निजामाचं राज्य गेल्यावर मोहनराव दोनदा आमदार झाले, त्यांनी शाळा काढली, शाळेचं कॉलेज झालं आणि १९८६ साली ते वारले. गाव त्यांना अजून नुसतं ‘आबा’ म्हणतं. त्यांचा नातू विजयसिंह आता संस्थेचा अध्यक्ष होता. सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, आबांच्या नावानं स्मृती दालन उघडायचं त्यानं ठरवलं होतं.

सायली बीडची, चौतीस वर्षांची. मोडी ती विद्यापीठाच्या दहा दिवसांच्या वर्गात शिकली आणि पुढं स्वतःच्या हट्टानं वाचत राहिली. उर्दू तिला शेजारच्या बानोखालांनी शिकवली होती. जुन्या नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा दीड वर्ष ती तहसील कचेऱ्यांमध्ये बसून जन्ममृत्यूची रजिस्टरं चाळत होती. मोहीम थंडावली, काम सुटलं, आणि तेवढ्यात विजयसिंहाचा फोन आला.

प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत तीन पत्र्याच्या पेट्या ठेवलेल्या होत्या. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला होता, तरी बऱ्याच कागदांना कसर लागली होती. एकेक कागद मऊ ब्रशनं झाडायचा, सपाट करायचा, लिफाफ्यात घालायचा, वहीत क्रमांक आणि दोन ओळींचा सारांश लिहायचा. दिवसाला तीस-चाळीस कागद व्हायचे. परवाने, जप्तीचे हुकूम, कॅम्पला धान्य पाठवणाऱ्यांच्या चिठ्ठ्या, आमदारकीच्या काळातली परिपत्रकं. पहिल्याच आठवड्यात तिला उर्दूतलं मोहनरावांच्या अटकेचं वॉरंट सापडलं. त्यात हुलिया दिलेला होता : कद मध्यम, रंग गव्हाळ, उजव्या भुवईवर जखमेची खूण. विजयसिंहाला तिनं ते वाचून दाखवलं तेव्हा तो लहान मुलासारखा हसला.

“ती खूण बैलानं मारल्याची होती मॅडम,” तो म्हणाला. “पर आमाला सांगायचे, गोळी चाटून गेली म्हनून.”

जुलैत दुसऱ्या पेटीत एक जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं बंडल निघालं. त्यात नऊ पत्रं होती. पहिलं १९४९ चं, शेवटचं १९६१ चं. नऊही पत्रांचं अक्षर वेगवेगळं होतं, कुठं मास्तराचं वळणदार, कुठं शिंप्याचं किंवा दुकानदाराचं असावं तसं ओबडधोबड. पण नऊही पत्रांच्या खाली एकाच माणसाचा अंगठा होता. पाठवणारा निरक्षर, म्हणून तो दर वेळी कुणाला तरी धरून लिहवून घेत होता.

‘रा. रा. आबा यांस सटवाचा रामराम. मुक्काम लिंबागणेशचा माळ. मेंढरं बरी आहेत. पाऊस कमी आहे. भागवत पाच वर्षांचा झाला. मनकर्णा तुम्हास व आक्कास नमस्कार सांगते. तुम्ही गावाला तेवढं सांगा. बाकी काही मागणं नाही.’

हे १९५३ चं पत्र. बाकीची अशीच होती. मेंढरं, पाऊस, मुलाचं वय, बायको मनकर्णाचा नमस्कार, आणि शेवटी तेच एक वाक्य : गावाला तेवढं सांगा. काय सांगा, ते एकाही पत्रात नव्हतं. मोहनरावांना ते ठाऊक असणार आणि पत्र लिहून देणाऱ्याला कळू नये असंही सटवाला वाटत असणार. सायलीनं वहीत लिहिलं, ‘सटवा, मेंढपाळ, नऊ पत्रे, विनंती अस्पष्ट,’ आणि ती पुढं गेली.

बारा-पंधरा दिवसांनी सटवा पुन्हा भेटला, या वेळी उर्दूत. शिवेवरच्या निजामाच्या नाक्यातल्या पोलीस अंमलदारानं वर पाठवलेल्या रिपोर्टाची ती नक्कल होती. राज्य गेल्यावर कचेरीतून ती मोहनरावांच्या हाती आली असावी. सटवा, कौम धनगर, राहणार पिंपरदरा, यानं स्वतः हजर होऊन जाहीर केलं की कॅम्पवाले उद्या पहाटे चोरखिंडीतून उतरणार आहेत. सबब सर्व जवान खिंडीत बसवले आहेत. 

सायलीनं कागद खाली ठेवला. तिला वाईट वाटलं. नऊ पत्रं वाचून त्या माणसाशी तिची ओळख झाली होती.

विजयसिंहाला मात्र आनंद झाला. “हे घावलं व्हय! मॅडम, ह्याची मोठी फ्रेम करायची. पंडितकाकाच्या फोटोच्या शेजारी.”

पंडित हा मोहनरावांचा भाचा, त्यांच्या विधवा बहिणीचा, आक्काचा, एकुलता एक मुलगा. चोरखिंडीत तो एकोणीस वर्षांचा असताना पोलिसांच्या गोळीनं गेला. शाळेसमोरच्या हुतात्मा स्तंभावर त्याचं नाव आहे.

“सटवाच फितूर झाला हे गावाला पयल्यापासून ठाऊक हाय,” विजयसिंह सांगू लागला. “आदल्या दिशी नाक्यावर जाताना त्याला दोघा-तिघांनी बघितलं होतं. निजाम गेल्यावर गावानं त्याला हाकलला. मेंढवाडा पेटवला त्याचा. आजबी गावात कुनी चुगली केली ना, तर म्हनत्यात, ‘सटवा हायेस का बे?’ पोरं म्हनत्यात. त्यांला सटवा कोन ते बी म्हाईत न्हाई.”

“आबा काय म्हणायचे त्याच्याबद्दल?”

विजयसिंहानं आठवून पाहिलं. “आबा? आबा कायच बोलत नसत. विषय निघाला की उठून जायचे. भाच्याचं दुःख असतं ना.”

फ्रेमसाठी कागदाचा मराठी मजकूर करायला ती बसली. निजामाच्या राज्यात चालणारी फसली तारीख इंग्रजीत आणायची होती. फरवर्दी महिना, १३५७ फसली, म्हणजे १९४८ चा फेब्रुवारी. तारीख खात्रीची असावी म्हणून तिनं मोहनरावांची कॅम्पातली मोडी रोजनिशी उघडली. त्याच पहाटेची नोंद तीन ओळींची होती.

‘पहाटे वाघदऱ्यानं गाव पलीकडे आलं. बायका, मुलं, म्हातारी, सारी. पोलीस चोरखिंडीत. पंडित गेला.’

सायलीनं ती नोंद तीनदा वाचली. वाघदरा गावाच्या उत्तरेला, चोरखिंड दक्षिणेला. त्या पहाटे कॅम्पवाले खिंडीतून उतरणारच नव्हते. सगळा गाव उलट्या दिशेनं निघून जात होता आणि झाडून सारे पोलीस दुसरीकडं बसले होते, कारण सटवानं त्यांना तसं सांगितलं होतं. फितुराची खबर साफ खोटी निघाली होती. आणि रोजनिशीत त्याच्यावर संतापाचा एक शब्द नव्हता.

तिनं तिसरी पेटी नव्यानं उपसायला घेतली. आमदारकीच्या आणि त्याआधीच्या वर्षांतली सरकारी परिपत्रकं तिनं बाजूला सारली होती. बियाणं, तगाई, शाळेच्या खोल्या, असले रूक्ष विषय. आता तिनं एकेक उलटून पाहिलं. मोहनराव काटकसरी माणूस. सरकारी कागदाची कोरी पाठ ते कच्च्या मजकुरासाठी वापरत. सायंकाळी शिपाई खोली बंद करायला आला तेव्हा तिच्यासमोर चार कागद मांडलेले होते. चारही मोडीत, चारही सटवाच्या नावे, आणि एकही पाठवलेला नाही.

पहिला, १९४९ चा, सगळ्यात मोठा होता.

‘सटवा, तू माझ्या शब्दावर नाक्यावर गेलास. पोलीस गाव जाळणार होते, ते खिंडीत बसले म्हणून गाव वाचलं. पण नुसत्या तुझ्या सांगण्यावर ते पहाटेपर्यंत थांबले नसते. खिंडीत माणूस आहे असं दिसायला हवं होतं. म्हणून जाळ लावायला मी पंडितला पाठवलं. पोलीस तिथं येणार हे त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो गेला नसता असं नाही. पण मी सांगितलं नाही. आता तुझं खरं गावापुढे मांडायचं तर हेही मांडावं लागेल. आक्का माझ्याच घरात राहते. रोज माझं ताट तीच वाढते.’

दुसरा कागद अर्धा पानभर. तिसऱ्यात चार ओळी, त्याही खोडलेल्या. चौथा, १९६१ चा, एका ओळीचा होता : ‘सटवा, अजून जमलं नाही.’

दुसऱ्या दिवशी तिनं विजयसिंहाला खोलीत बोलावून दार लोटून घेतलं आणि चारही कागद सावकाश वाचून दाखवले. तो ऐकता ऐकता स्टुलावर बसला.

“अक्षर आबांचंच हाय?”

“रोजनिशीशी ताडून पाहिलंय. तुम्ही दुसऱ्या कुणालाही दाखवा.”

“तसं न्हाई. तुमच्यावर इस्वास हाय.” त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. कॉलेजची मुलं मैदानात संचलनाची तयारी करत होती. “मॅडम, आपन हे नंतर केलं तर? दालन उघडू द्या. झेडपीची माझी निवडनूक होऊ द्या. मग बघू.”

सायलीला राग आला नाही. तिला हे अपेक्षितच होतं. “दादा, आबांनीही नंतरच ठरवलं होतं,” ती म्हणाली. “बारा वर्षं त्यांनी चार वेळा लिहायला घेतलं. मी तुमचे कागद तुमच्या परवानगीशिवाय कुणाला दाखवणार नाही. पण तो पोलिसाचा रिपोर्ट एकटा फ्रेममध्ये लागणार असेल, तर ते काम मी करणार नाही. तुम्ही दुसरा माणूस बघा.”

विजयसिंह उठला आणि निघून गेला. तीन दिवस तो फिरकला नाही. चौथ्या दिवशी सकाळीच गाडी घेऊन आला. दाढी वाढलेली होती.

“फितुराची फ्रेम लावायची न्हाई,” दारातूनच तो म्हणाला. “पर गावाला सांगायच्या आधी छबुआत्याला सांगावं लागंल. पंडितकाकाची धाकटी भन. तेलगावला ऱ्हाती. तिचा भाऊ गेलाय, तिच्या कानावर दुसऱ्याकडून जायला नगं.”

“आणि सटवाचं कुणी?”

“पोरगा हाय म्हनं, भागवत. लिंबागणेशच्या माळावर. त्येच्याकडं कोन्या तोंडानं जाऊ मी? तुमी जा. पत्रं त्येच्या बापाची हायती.”

सायली पत्रांच्या झेरॉक्स घेऊन लिंबागणेशला गेली. देवळाच्या पुढं अडीच-तीन किलोमीटर, माळावर भागवतची वस्ती होती. पत्र्याची चार खोल्यांची घरं, बाभळीच्या काटेरी फांद्यांचा वाडा, आत पंचवीसेक मेंढरं. सून बबिता दारात लोकर झटकत होती. भागवत सत्त्याहत्तर वर्षांचा, काटक, डोळ्याला जाड चष्मा. सायली पिंपरदऱ्याहून आलीय म्हटल्यावर त्याचा चेहरा मिटला.

“पिंपरदऱ्याचं आमचं काय काम न्हाई बाई.”

“तुमच्या वडिलांची पत्रं आहेत माझ्याकडं.”

“माझ्या बापाला लिवता येत नव्हतं.”

“दुसऱ्यांकडून लिहवून घेतलीत. खाली अंगठा आहे.”

तिनं एक झेरॉक्स पुढं केली. भागवतनं चष्मा वर करून कागद डोळ्यांजवळ नेला आणि अंगठ्याकडं पाहत राहिला. मग बबिताला म्हणाला, “च्या टाक.”

सायलीनं नऊही पत्रं वाचली. भागवत पाच वर्षांचा झाला, भागवतला गोवर आला होता, भागवत शाळेत चाललाय पण त्याचं मन मेंढरांत आहे. भागवत ऐकता ऐकता एकदा हसला आणि मग पागोट्याचं टोक तोंडावर धरून बसला. त्यानंतर तिनं मोहनरावांचे कागद वाचले.

“आई म्हनायची,” भागवत सावकाश बोलू लागला, “तुझ्या बापानं कायतरी तोंडात धरून ठिवलंय. गिळीत न्हाई आन थुंकीत न्हाई. आमाला कळायचं न्हाई. आमाला वाटायचं, खरंच ह्यानं पाप केलंय आन आता पस्तावलाय. मी तर, बाई…” तो थांबला. “माझ्या बापाला मी मरताना इच्यारलं. कावून केलं म्हनलं असं? त्यो नुसता बघत ऱ्हायला माझ्याकडं. चौदा वर्साचा होतो मी.”

बबितानं चहा आणून ठेवला. तो तसाच निवत राहिला.

“एक सांगू का? लगीन झाल्यावर एकदा मी आबाकडं गेल्तो. जंगलात चराई बंद झाल्ती, पास पायजे होता. मला वाटलं दारातूनच हाकलतेल. म्या नाव सांगितलं तसा त्यो मानूस उभा ऱ्हायला. एवढा मोठा मानूस, माझ्यासारख्यासाठी उभा. पानी स्वता आनून दिलं. मी बसत न्हाई तवर बसला न्हाई. मला लई दिवस कळंना, ह्यो कावून उभा ऱ्हायला.”

“आता गावाला सांगायचं म्हणतायत विजयसिंह,” सायली म्हणाली. “तुमची हरकत असेल तर सांगा.”

भागवतनं विचार केला. “त्या पोराला सांगितलं नव्हतं म्हनता, पंडितला?”

“कागदात तसंच आहे.”

“मग ते बी सांगा. माझा बाप धुवायचा आन त्याचं पोरगं झाकून ठिवायचं, असं नगं. सगळं सांगा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या.”

तेलगावला विजयसिंह आणि सायली दोघं गेली. छबुबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या, मुलाच्या घरी वरच्या मजल्यावर राहत. गुडघ्यांमुळं खाली उतरणं बंद झालं होतं, पण कान तल्लख. विजयसिंहानं पाया पडून सुरुवात केली आणि दोन वाक्यांनंतर कागद सायलीपुढं सरकवला. मग सायलीनं कागद वाचला. ‘पोलीस तिथं येणार हे त्याला सांगितलं नाही’ या ओळीवर ती क्षणभर अडखळली.

छबुबाईंनी हात वर केला. “थांब पोरी. सांगितलं न्हाई असं मामानं लिवलंय?”

“हो.”

“त्याला वाटलं तसं.” छबुबाईंनी पदर नीट केला. “पंडितला ठाऊक होतं.”

विजयसिंहानं मान वर केली.

“आदल्या दिशी दुपारच्याला तो घरी आल्ता. मी सात वर्साची, चुलीपाशीच होते. आईनं भाकर वाढली. तो म्हनला, आये, मामानं सटवाला नाक्यावर धाडलंय. म्या बोलताना ऐकलं झाडाआडून. पोलीस खिंडीत येनार आन जाळ लावायला मामा मलाच म्हनलाय. आईनं ताटच वढून घेतलं. जाऊ नगं म्हनली. तर तो म्हनतो कसा, मी न्हाई गेलो तर मामा दुसऱ्याचं पोरगं धाडंल. मी चपळ हाय, जाळ लावून पळतो. आन मामाला सांगू नगंस मला कळलंय म्हनून, मला धाडायला त्याचा जीव धजायचा न्हाई.”

विजयसिंहाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

“म्हंजे आजीला…” तो म्हणाला, “आक्काआजीला सगळं म्हाईत होतं?”

“मरेपर्यंत. मामा तिच्यासमोर मान वर करत नसे. तिला वाटायचं, पोराचं नाव काढलं तर भाऊ मोडंल. त्याला वाटायचं, खरं सांगितलं तर भन मोडंल. दोघं एका घरात सव्वीस वर्सं एकमेकाला जपत बसली.” मग त्यांचा आवाज बदलला. “आन तिकडं सटवा मेला. त्याला कुनी जपलं न्हाई. आईला ठाऊक होतं तो फितूर न्हाई. मला ठाऊक होतं. पंडितनं सांगू नगं म्हनलं म्हनून आमी गप बसलो, असं आमी स्वताला सांगायचो. पर पंडित मामाबद्दल बोलला होता, सटवाबद्दल न्हाई. तेवढं इंगीत आमाला कळत नव्हतं का? कळत होतं. सटवाचं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मेंढक्याचं नाव गेलं तर गेलं, असं केलं आमी.”

“आत्या, तुमी लहान होता.”

“सात वर्साची होते, मग सत्तर वर्साची बी झालेच की.” त्यांनी भिंतीला धरून उठायचा प्रयत्न केला. “मला गावाला न्या. खुर्चीत घालून न्या. हे मीच सांगते.”

सतरा सप्टेंबरला झेंडावंदन झालं आणि दालनाच्या दारात गाव जमलं. भागवत आला होता, बबिताला बरोबर घेऊन. तो मागं लिंबाखाली उभा होता. कुणी त्याला ओळखत नव्हतं. छबुबाईंना चौघांनी खुर्चीसकट गाडीतून उतरवलं. विजयसिंहानं दोन शब्द बोलायचे असं ठरलं होतं, पण तो म्हणाला, “आज मी बोलनार न्हाई, वाचनार हाय,” आणि त्यानं आजोबांचा पहिला कागद वाचला. सायलीनं त्याला मराठी मजकूर मोठ्या अक्षरात लिहून दिला होता. तो न थांबता शेवटपर्यंत वाचत गेला. मग छबुबाईंनी माईक हातात घेतला आणि तेलगावला सांगितलं तेच, तितकंच, पुन्हा सांगितलं. शेवटी म्हणाल्या, “सटवा फितूर नव्हता. हे सांगायला आमच्या घराला पाऊनशे वर्सं लागली. त्याचा ल्योक आलाय हितं, त्यो बगा लिंबाखाली. मी त्याची माफी मागते.”

टाळ्या वाजल्या नाहीत. माणसं एकमेकांकडं बघत होती. पहिल्या ओळीतले एक म्हातारे, हनुमान पाटील, खुर्ची मागं सारून उठले आणि “मेलेल्या मानसाला कशाला उकरता?” म्हणत निघून गेले. त्यांच्या वडलांनीच मेंढवाडा पेटवला होता, हे सायलीला नंतर कळलं. दोघं-तिघं त्यांच्यामागं गेले. बाकीचे बसून राहिले. मग एक मध्यमवयीन बाई उठली, सरळ लिंबाखाली गेली आणि भागवतच्या पाया पडली. तिची आजी त्या पहाटे तान्हं पोर पोटाशी धरून वाघदऱ्यानं गेली होती. तिच्यामागून आणखी दोघी गेल्या. भागवत गोंधळून “ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या,” म्हणत मागं सरकत होता. शेवटी तो छबुबाईंच्या खुर्चीपाशी आला. छबुबाईंनी त्याचा हात बराच वेळ धरून ठेवला.

दालनात सायलीनं पोलिसाचा रिपोर्ट, रोजनिशीचं पान, एक पत्र आणि मोहनरावांचे चारही कागद एकाच ओळीत लावले होते. ज्यांना मोडी किंवा उर्दू येत नव्हती त्यांच्यासाठी खाली मराठी मजकूर होता. लोक तिथं थांबत, ओठ हलवत वाचत आणि पुढं न जाता पुन्हा पहिल्यापासून वाचत.

स्तंभावर सटवाचं नाव घालायचा ठराव ग्रामसभेत आला तो डिसेंबरात. वाद झाला. तो हुतात्मा नव्हे, अंथरुणात मेला, असं काही जणांचं म्हणणं पडलं आणि ते खोटंही नव्हतं. शेवटी स्तंभाखाली वेगळी फरशी बसवून त्यावर नाव आणि त्यानं काय केलं ते दोन ओळींत लिहायचं ठरलं. निवडणुकीत विजयसिंह थोड्या मतांनी पडला. याच कारणानं पडला असं काही लोक म्हणतात, काही म्हणतात त्याचं तसंही जमणार नव्हतं. त्यानं स्वतः यावर कधी काही म्हटलं नाही. सायलीचा करार त्यानं आणखी एका वर्षानं वाढवला. आमदारकीचे कागद अजून निम्मे राहिले होते.

एप्रिलात बबिताचा सायलीला फोन आला. पिंपरदऱ्याहून लग्नाची पत्रिका आली होती, घरी येऊन, हळद-कुंकू लावून. भागवतच्या उभ्या जन्मात त्या गावातून आलेली पहिली.

“मग गेले का भागवतमामा?” सायलीनं विचारलं.

“गेल्ते की. नवं धोतर घेतलं. पंगतीत मधी बसवलं म्हनं त्यांला.” बबिता हसत होती. “आल्यापासून एकच चाललंय त्यांचं. आमटी लई खारट केल्ती म्हनं पिंपरदऱ्यानं.”